गुण, शेरा आणि अपेक्षा: शिक्षकांच्या निर्णयांतील पूर्वग्रहांचा आढावा

फळ्यापाशी कोणाला बोलवायचे, उत्तर चुकले तर त्याच मुलापाशी थांबायचे की शेजारच्याला विचारायचे, निबंधाला दहापैकी सहा द्यायचे की सात, प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे लिहायचे की ‘प्रयत्न करतो’? वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला असे निर्णय दिवसभर घ्यावे लागतात आणि त्यांतले बहुतेक पटकन घ्यावे लागतात. त्यांत मुलाच्या कामाचा वाटा किती आणि त्याचे नाव, जात, लिंग, बोली, अक्षर किंवा मोठ्या भावंडाची कीर्ती यांचा वाटा किती, हा प्रश्न संशोधकांसमोर शंभरहून अधिक वर्षे आहे.

या प्रश्नाचे तीन भाग पडतात. पहिला गुणांचा: सारख्याच उत्तराला वेगवेगळ्या मुलांना वेगळे गुण मिळतात का? दुसरा अपेक्षेचा: ‘हा पुढे जाईल, तो जाणार नाही’ हा शिक्षकाचा अंदाज मुलाची प्रगती घडवतो की बिघडवतो? तिसरा अर्थ लावण्याचा: तेच वागणे एका मुलाच्या बाबतीत ‘चौकसपणा’ आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘उद्धटपणा’ का ठरते? पहिल्या दोन भागांवर भरपूर काम झाले आहे, तिसऱ्यावर त्या मानाने कमी. या लेखात आधी वादाची पार्श्वभूमी, मग जगातील आणि भारतातील पुरावा, त्यावरचे मतभेद, महाराष्ट्रातील मूल्यमापनाची स्थिती, उपाय आणि शेवटी अजून न सुटलेले प्रश्न असा क्रम ठेवला आहे.

वादाची दोन मुळे

महाराष्ट्रात हा प्रश्न मानसशास्त्राच्या आधी सामाजिक चळवळीने विचारला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि ते खालच्या जातींच्या मुलांपासून फटकून राहतात, असे नोंदवले. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, मुलांमध्ये मिसळणारे आणि गरज पडल्यास नांगराला हात लावण्यात कमीपणा न मानणारे शिक्षक हवेत, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक कोणत्या समाजातून येतो यावर तो मुलाकडे कसे पाहतो हे ठरते, हे त्यांचे गृहीत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात सातारच्या शाळेतले दिवस सांगितले आहेत: बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई नसला तर पाणीही नाही. तिथला भेद उघड होता, शाळेच्या नियमासारखा पाळला जाणारा. आजचे संशोधन ज्याचा शोध घेते तो भेद बहुतांशी न बोललेला आणि अनेकदा शिक्षकाच्याही लक्षात न येणारा असतो. उघड भेद कमी झाला तरी न बोललेला भेद किती उरला, हे मोजण्याचा हा प्रयत्न आहे.

दुसरे मूळ मोजमापाच्या शास्त्रात आहे. १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी अमेरिकेतील अनेक शाळांतील शिक्षकांकडून इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका तपासून घेतली, तेव्हा गुणांमध्ये मोठी तफावत निघाली. भाषेच्या पेपरात असे होणारच, या आक्षेपावर पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका दिली. तफावत आणखी वाढली. कोणी पायऱ्यांना गुण दिले, कोणी अंतिम उत्तराला, कोणी नीटनेटकेपणाला. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुणांकन तपासले आणि एका गुणाबद्दलचे चांगले मत बाकीच्या सगळ्या गुणांवर पसरते, असे दाखवले. याला पुढे ‘प्रभावलय परिणाम’ म्हटले गेले. टापटीप वही असलेले मूल हुशार आणि प्रामाणिकही वाटू लागते ते यामुळेच.

स्टार्च-इलियट यांनी दाखवलेली तफावत मात्र पूर्वग्रहाचा पुरावा ठरत नाही. कडक शिक्षक सगळ्यांशीच कडक असेल तर तो विसंगतीचा प्रश्न आहे. ठराविक गटातील मुलांशीच कडक असेल तर तो पक्षपात. पुढच्या चर्चेत हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले गेले आहेत.

पिग्मॅलियनचा प्रयोग आणि त्याची उलटतपासणी

१९४८ साली समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी स्वतःलाच खरे ठरवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली: चुकीच्या समजुतीवरून माणसे असे वागतात की ती समजूत शेवटी खरी होते. रॉबर्ट रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी ती वर्गात तपासली. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि काही मुले वर्षभरात झपाट्याने फुलतील असे चाचणीवरून दिसते, असे शिक्षकांना सांगितले. ही सुमारे वीस टक्के मुले प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिलीतल्या ‘फुलणाऱ्या’ मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ अंकांनी वाढला, इतरांचा १२ अंकांनी. दुसरीतही फरक दिसला, वरच्या वर्गांत तो जवळपास नव्हता. १९६८ साली हे पुस्तकरूपाने आले आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या जगात घरोघरी पोचले.

टीकाही त्याच वर्षी सुरू झाली. पहिल्या टीकाकारांत रॉबर्ट थॉर्नडाइक होते, प्रभावलय परिणाम मांडणाऱ्या थॉर्नडाइकांचे चिरंजीव. इतक्या लहान मुलांसाठी ती चाचणी विश्वासार्ह नव्हती, काही मुलांचे आधीचे अंक अशक्य वाटावेत इतके कमी होते, असा त्यांचा आक्षेप होता. १९७१ मध्ये जॅनेट एलॅशॉफ आणि रिचर्ड स्नो यांनी मूळ आकडे पुन्हा तपासून निष्कर्ष तितके भक्कम नाहीत असे म्हटले. आणखी एक बाब खुद्द मूळ पुस्तकातच होती: बहुतेक शिक्षकांनी ती यादी वरवर चाळली होती आणि त्यातली नावेही त्यांना धड आठवत नव्हती.

या वादाला दिशा दिली ती १९८४ साली स्टीफन रॉडेनबुश यांनी केलेल्या एकत्रित विश्लेषणाने. अशाच अठरा प्रयोगांचे निकाल एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे कारण त्यांना शिक्षक-विद्यार्थी परिचयाच्या काळात सापडले. शिक्षकाला मुलाची ओळख होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला खोटी माहिती दिली तर परिणाम दिसतो. दोनएक आठवडे एकत्र गेल्यावर दिली तर तो जवळजवळ शून्यावर येतो. शिक्षक समोरच्या मुलाला पाहतो, ऐकतो, वही तपासतो आणि मग कागदावरच्या शिफारशीपेक्षा स्वतःच्या अनुभवावर विसंबतो. माहिती जितकी तुटपुंजी तितकी पूर्वग्रहाला जागा जास्त, हे या क्षेत्रातील सर्वांत टिकाऊ निरीक्षण येथून सुरू होते.

अपेक्षा वर्गात कशी पोचते

शिक्षकाच्या मनातली अपेक्षा मुलापर्यंत जाते कशी, यावर दोन अभ्यास पायाभूत मानले जातात. १९७० मध्ये जेअर ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी पहिलीच्या वर्गांत बसून नोंदी केल्या. ज्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती त्या मुलांच्या चुकीच्या उत्तरानंतर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, सूचक मदत देत. कमी अपेक्षा असलेल्यांच्या बाबतीत ते उत्तर स्वतःच सांगत किंवा दुसऱ्याकडे वळत. त्या मुलांच्या बरोबर उत्तरालाही शाबासकी कमी मिळे.

त्याच वर्षी रे रिस्ट यांनी सेंट लुइस शहरातील एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे शिक्षिकाही कृष्णवर्णीय होत्या आणि मुलेही. बालवर्गाच्या आठव्या दिवशी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा मिळाल्या. तोवर वाचनाची कोणतीही चाचणी झाली नव्हती. विभागणी मुलांचे कपडे, स्वच्छता, बोलण्याची ढब आणि घरची आर्थिक स्थिती यांच्याशी जुळत होती. पहिल्या टेबलाला फळा जवळ आणि शिक्षिकेचा वेळ जास्त मिळाला. पुढच्या वर्गांतल्या शिक्षिकांनी मागच्या वर्षीच्या कामगिरीवरून गट केले आणि विभागणी बहुतांशी तशीच राहिली, आता मात्र तिच्या पाठीशी ‘वस्तुनिष्ठ’ नोंद होती. हा एका शाळेचा अभ्यास आहे, त्यावरून सर्वसाधारण विधान करता येत नाही. तरी दोन गोष्टींसाठी तो आजही वाचला जातो: भेद वर्णापेक्षा वर्गाचा होता, आणि पहिला अंदाज पुढे पुराव्याचे रूप कसे घेतो हे त्यात पायरीपायरीने दिसते. गुणानुक्रमे ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत तुकड्या पाडण्याची आपल्याकडची पद्धत आठवली तर या निरीक्षणाचे वजन कळते.

न्यूझीलंडच्या क्रिस्टीन रुबी-डेव्हिस यांनी यात वेगळी भर घातली. काही शिक्षकांच्या अपेक्षा एखाद्या मुलापुरत्या नसतात, सगळ्या वर्गासाठीच उंच किंवा सगळ्या वर्गासाठीच कमी असतात. उंच अपेक्षा ठेवणारे शिक्षक पक्के गट करत नाहीत, कोणते काम करायचे याची निवड मुलांकडे ठेवतात आणि प्रत्येकाचे ध्येय त्याच्याशी बोलून ठरवतात. त्यामुळे प्रश्न एका मुलाविषयीच्या मतापुरता राहत नाही, शिकवण्याच्या पद्धतीपर्यंत जातो.

नाव झाकल्यावर काय दिसते

गुणांतील पक्षपात शोधण्याची सर्वांत वापरली गेलेली रीत सोपी आहे: त्याच मुलाचे शिक्षकाने दिलेले गुण आणि नाव झाकून तपासलेल्या परीक्षेतले गुण समोरासमोर ठेवायचे. इस्राएलमध्ये व्हिक्टर लाव्ही यांनी शालान्त परीक्षेच्या अशा आकड्यांचा अभ्यास २००८ मध्ये मांडला. मुलींवर अन्याय होत असेल असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात मात्र शाळेने दिलेल्या गुणांत मुलगे मागे राहत असल्याचे दिसले. फ्रान्समधील कॅमिय तेरिए यांच्या अभ्यासातही गणिताच्या गुणांत मुलींना झुकते माप मिळाल्याचे आढळले. इंग्लंडमध्ये सायमन बर्जेस आणि एलन ग्रीव्हज यांनी अकरा वर्षांच्या मुलांचे आकडे पाहिले तेव्हा कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षकांनी केलेले मूल्यांकन चाचणीपेक्षा कमी पडले, तर भारतीय आणि चिनी वंशाच्या मुलांचे काही विषयांत जास्त. एखाद्या गटाची मुले त्या शाळेत पूर्वी कशी होती यावर हा कल अवलंबून असल्याची खूणही त्यांना मिळाली. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातील अभ्यासात सारखी क्षमता असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना गणितात गोऱ्या वर्गमित्रांपेक्षा कमी गुण मिळाल्याचे दिसले.

या पद्धतीवरचा आक्षेप गंभीर आहे. शिक्षक वर्षभराचे काम पाहतो, परीक्षा तीन तासांचे. मुली गृहपाठ नियमित करत असतील आणि शिक्षक त्यालाही गुण देत असेल, तर तो फरक पक्षपात म्हणायचा का? म्हणून दुसरी रीत प्रयोगाची: तेच उत्तर, वेगळे नाव. १९७३ साली हर्बर्ट हरारी आणि जॉन मॅकडेव्हिड यांनी शिक्षकांना मुलांचे निबंध वेगवेगळ्या नावांनी दिले. लोकप्रिय नावांचे निबंध जास्त गुण घेऊन गेले. अक्षर, छायाचित्र, आधीच्या पेपराचा दर्जा यांवरही असे प्रयोग झाले आहेत. २०१६ मध्ये जॉन मॅलूफ आणि आयनर थोरस्टाइनसन यांनी अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. तपासणाऱ्याला मुलाविषयीची अप्रस्तुत माहिती आधी मिळाली तर गुण हलतात, मध्यम प्रमाणात पण सातत्याने, असा त्याचा निष्कर्ष आहे.

भारतीय पुरावा: जात आणि शिक्षक कोण

जातीविषयीचा सर्वांत नेमका प्रयोग रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी मुलांसाठी मोठ्या बक्षिसाची स्पर्धा परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर वय, लिंग व जात यादृच्छिकपणे लिहून त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना प्रमाण विचलनाच्या ०.०३ ते ०.०८ इतके कमी गुण मिळाले. हा फरक छोटा आहे, मुलांच्या प्रत्यक्ष कामगिरीतल्या दरीच्या तुलनेत तर फारच. दोन तपशील महत्त्वाचे आहेत. तपासणीच्या सुरुवातीला, पेपराचा अंदाज येण्याआधी, भेद जास्त दिसला. आणि हा भेद प्रामुख्याने स्वतः ‘खालच्या’ जातींतून आलेल्या शिक्षकांच्या गुणदानात होता. वरच्या जातींच्या शिक्षकांच्या गुणदानात तो आढळला नाही.

फुल्यांच्या गृहीतकाला हा निष्कर्ष छेद देतो असे वाटेल. पण गीता किंगडन आणि शेनिला रावल यांनी उत्तर प्रदेश व बिहारमधील शाळांच्या माहितीवरून दाखवले की शिक्षक आणि विद्यार्थी यांचे लिंग, जात व धर्म एकच असतील तर मुलाची कामगिरी उंचावते. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात, कारण एक अनोळखी उत्तरपत्रिकेच्या गुणदानाविषयी आहे आणि दुसरा वर्षभर समोर बसणाऱ्या मुलाच्या शिकण्याविषयी. आपल्यातला शिक्षक पेपर तपासताना हात आखडता घेईलही, पण वर्गात त्याची बोली, त्याचे उदाहरण, त्याचे तिथे असणे मुलाला बळ देत असेल. या दोहोंचा एकत्रित हिशेब मात्र अजून लागलेला नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी प्रश्न मुलाच्या बाजूने पाहिला. उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा कामगिरी जवळपास सारखी होती. नावाबरोबर जात सर्वांसमोर वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. बक्षीस चिठ्ठीवर ठरेल असे सांगितले, म्हणजे माणसाच्या निवाड्याचा भाग काढून टाकला, तेव्हा दरी दिसेनाशी झाली. आपल्याला न्यायाने मोजले जाणार नाही ही शंकाच कामगिरी खाली ओढते, असा अर्थ संशोधकांनी लावला.

प्रयोगांबाहेर प्रत्यक्ष निरीक्षणांची मोठी परंपरा आहे. १९९९ च्या ‘प्रोब’ अहवालाने उत्तर भारतातील शाळांत दलित मुलांना मिळणाऱ्या वागणुकीची नोंद केली. गीता नंबिसन यांनी दलित मुलांच्या शाळानुभवांवर लिहिले. कृष्ण कुमार यांनी दाखवले की पाठ्यपुस्तक आणि प्रश्नोत्तराची पद्धत मिळून आदिवासी मुलाला स्वतःच्या ‘मागासलेपणा’चा धडा स्वतःच वाचायला लावते. उच्च शिक्षणात, २००७ साली डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांत अन्याय होत असल्याची केलेली तक्रार नोंदवली. तोंडी परीक्षेत नाव झाकता येत नाही, हे लक्षात घेतले तर ही तक्रार वरच्या संशोधनाशी जुळते.

बोली आणि ‘शुद्ध’ मराठी

महाराष्ट्रात जात आणि लिंग यांच्याइतकाच तोलामोलाचा निकष भाषा आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू, गोंडी, वारली, पावरी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीत उत्तर देते तेव्हा त्याच्या ज्ञानाबरोबर त्याचा उच्चारही तोलला जातो. ‘पानी’ आणि ‘व्हता’ म्हणणाऱ्या मुलाचे विज्ञानाचे उत्तर बरोबर असले तरी ते ‘कच्चे’ वाटू शकते.

याला बाहेरचा आधार आहे. १९७२ साली माँट्रियलमध्ये सेलिगमन, टकर आणि लॅम्बर्ट यांनी मुलांचे छायाचित्र, आवाज आणि लेखन एकत्र देऊन भावी शिक्षकांकडून मते घेतली. मुलाची बोलण्याची ढब बुद्धिमत्तेविषयीच्या मतावर परिणाम करते असे दिसले. त्याच सुमारास विल्यम लाबोव्ह यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे आणि औपचारिक मुलाखतीतला त्यांचा अबोलपणा भाषेच्या अभावाचा पुरावा नाही, असे मांडले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात, वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून गुरे चारण्याच्या जागी कुरणशाळा नेली. ‘या मुलांना शिक्षणाची आवड नाही’ हा शेरा त्यांनी मुलांवर न मारता शाळेच्या रचनेवर मारला.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. अनेक शिक्षक आणि पालक म्हणतात की प्रमाण भाषा ही पुढच्या परीक्षांची, नोकरीची भाषा आहे. तिच्यातल्या चुका दाखवल्या नाहीत तर नुकसान मुलाचेच. यावर भाषा-अभ्यासकांचे म्हणणे असे की प्रमाण भाषा शिकवणे आणि बोलीवरून बुद्धीचा अंदाज बांधणे या दोन वेगळ्या कृती आहेत. तत्त्व म्हणून हे बहुतेकांना मान्य होते. वहीतल्या लाल शाईत मात्र या दोन कृती वेगळ्या ठेवणे अवघड जाते.

अचूकता की पूर्वग्रह

इथे क्षेत्रातील मुख्य मतभेद येतो. ली जुसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ मध्ये पस्तीसहून अधिक वर्षांचे संशोधन चाळून असे म्हटले: स्वतःला खरे ठरवणारी भाकिते वर्गात घडतात, पण त्यांचा परिणाम साधारणपणे लहान असतो आणि वर्षागणिक साठत जाण्याऐवजी विरतो. शिक्षकांचे अंदाज खरे ठरतात ते मुख्यतः ते अचूक असतात म्हणून. जर्मनीतील आना स्यूडकांप व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७५ अभ्यासांवरून शिक्षकाचा अंदाज आणि मुलाची चाचणीतील कामगिरी यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.६३ असल्याचे दाखवले. हा बराच चांगला मेळ आहे. त्रुटीला जागा ठेवणाराही आहे.

दुसऱ्या बाजूचे संशोधक तीन गोष्टी पुढे करतात. पहिली, सरासरी लहान असली तरी वंचित गटांतील मुलांवर परिणाम मोठा असू शकतो. जुसिम आणि हार्बर यांनीही ही शक्यता मान्य केली आहे. दुसरी, रिस्टच्या वर्गात दिसले तसे अचूक वाटणारे मत आधीच्या असमान वागणुकीतून तयार झालेले असू शकते. तिसरी, छोटा फरकही कोठे पडतो याला महत्त्व आहे: दोन गुणांनी तुकडी, शाखा किंवा शिष्यवृत्ती बदलत असेल तर ते दोन गुण लहान राहत नाहीत.

महाराष्ट्रातील मूल्यमापन

शिक्षण हक्क कायदा, २००९ ने वंचित गटांतील मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकली, मानसिक छळाला बंदी केली आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. राज्यात २०१० पासून आकारिक आणि संकलित असे दोन भाग झाले. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, गृहपाठ अशा साधनांवर गुण आणि सोबत वर्णनात्मक नोंदी, अशी ही रचना आहे. एका पेपरावर मुलाचे भवितव्य ठरू नये, हा हेतू चांगला होता. त्याचबरोबर शिक्षकाच्या व्यक्तिगत निवाड्याचे क्षेत्रही वाढले. मोठ्या पटसंख्येच्या वर्गात वर्णनात्मक नोंदी लिहिताना साच्यातली वाक्ये कामी येतात, आणि साच्यात मुलापेक्षा मुलाच्या प्रकाराचे वर्णन होण्याचा धोका असतो.

दहावीला याचे दुसरे टोक दिसते. लेखी उत्तरपत्रिका परक्या शाळेतील परीक्षक तपासतात, वर नियामक असतात. अंतर्गत गुण मात्र शाळाच देते. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस अंतर्गत गुण बंद केले तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ८०-२० ची पद्धत परत आली आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये महासाथीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि अंतर्गत मूल्यमापन यांवर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळा फरक अंतर्गत गुणांचा म्हणता येत नाही. आणि हे आकडे शिक्षकांचा उदारपणा दाखवतात, पक्षपात दाखवत नाहीत. हा उदारपणा सगळ्यांना सारखा वाटला गेला का, हे एकूण टक्केवारीतून कळत नाही.

यंत्राकडे निवाडा सोपवणे हाही सरळ मार्ग नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्यावर शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी गणिती सूत्राने दुरुस्त केल्या गेल्या. ए-लेव्हलच्या सुमारे चाळीस टक्के श्रेणी खाली आल्या. सूत्रात शाळेच्या जुन्या निकालाला वजन होते, त्यामुळे दुबळ्या शाळेतल्या हुशार मुलाला फटका बसला. तीव्र विरोधानंतर सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्याच श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

उपायांची स्थिती

चार प्रकारचे उपाय सुचवले जातात. पहिला, नाव झाकणे. लेखी कामात तो प्रभावी आणि स्वस्त आहे, पण रोजच्या वर्गात अक्षरावरूनही मूल ओळखू येते. दुसरा, निकष आधी ठरवणे. डेव्हिड क्विन यांनी २०२० मध्ये अमेरिकी शिक्षकांना दुसरीतल्या मुलाचे लेखन दिले. मजकुरात भावाचे नाव कधी कृष्णवर्णीय समाजात तर कधी गोऱ्या समाजात रूढ असलेले होते. ‘इयत्तेच्या मानाने कसे आहे’ अशा मोघम मापावर कृष्णवर्णीय वाटणाऱ्या मुलाला कमी लेखले गेले. स्पष्ट निकषांच्या तक्त्यावर फरक उरला नाही.

तिसरा, शिक्षकाला त्याच्या सुप्त कलाची जाणीव करून देणे. इटलीत काही शिक्षकांना स्थलांतरित मुलांविषयीच्या सुप्त पूर्वग्रहाच्या चाचणीतला त्यांचा स्वतःचा निकाल गुणदानाआधी कळवला, तेव्हा त्यांनी त्या मुलांना दिलेले गुण वाढले. दुसरीकडे, पॅट्रिक फोर्शर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४९२ अभ्यास तपासून म्हटले की सुप्त पूर्वग्रहाचे मोजमाप बदलले तरी वर्तन बदलतेच असे नाही. अशा चाचण्या एकेका माणसाबद्दल कितपत सांगू शकतात, यावरही वाद आहे.

चौथा, शिकवण्याची पद्धत बदलणे. यात रुबी-डेव्हिस यांचे काम येते आणि मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची वाचन-स्तरानुसार गट करण्याची पद्धतही. वरवर पाहता स्तरानुसार गट करणे म्हणजे रिस्टची टेबलेच. फरक असा की गट एका छोट्या, ठराविक चाचणीवर होतात, थोड्या काळासाठी असतात आणि मूल शिकले की त्याचा गट बदलतो. गट बदलणे थांबले की तो शिक्का होतो, यावर दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न काळाचा. लहान परिणाम विरतात की साठतात, हे कळायला मुलांचा पहिलीपासून दहावीपर्यंत माग ठेवणारे अभ्यास लागतात, आणि उपलब्ध असलेले बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत. दुसरा, एकत्रित ओळखीचा: आदिवासी मुलगी, इंग्रजी माध्यमातले दलित मूल, मराठी शाळेतले स्थलांतरित ऊसतोड कामगाराचे मूल यांच्या बाबतीत जात, लिंग, भाषा आणि वर्ग हे घटक बेरजेने काम करतात की वेगळ्याच रीतीने, हे अस्पष्ट आहे. तिसरा, उलट दिशेचा: सहानुभूतीपोटी दिलेले वाढीव गुण मुलाला उभे करतात, की त्याची खरी अडचण झाकतात? चौथा, राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील समग्र प्रगतिपत्रक, ज्यात मूल स्वतःचे आणि सहाध्यायी त्याचे मूल्यमापन करतात. त्याने शिक्षकाच्या एकहाती मताला तोल मिळेल, की वर्गातले पूर्वग्रहही कागदावर येतील?

आजवरच्या पुराव्यातून एवढे निश्चित म्हणता येते की पूर्वग्रह सर्वत्र सारख्या जोराने काम करत नाही. ओळख नवी असताना, माप मोघम असताना आणि पहिले मत तपासून पाहण्याची सोय नसताना तो बळावतो. म्हणून शिक्षक पूर्वग्रहदूषित आहेत का, या सरसकट प्रश्नापेक्षा कोणता निर्णय, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या निकषावर घेतला गेला, हा प्रश्न अधिक कामाचा ठरतो.

त्याचे उत्तर शोधायला साधनेही हाताशी आहेत. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे अंतर्गत आणि लेखी गुण मंडळाकडे दरवर्षी जमा होतात. ओळख पुसून ते संशोधकांना दिले, तर मुलगे-मुली, शाळेचे माध्यम, आश्रमशाळा आणि शहरी शाळा, सामाजिक प्रवर्ग यांनुसार दोन्ही गुणांतले अंतर पाहता येईल. गृहपाठ आणि उपस्थितीचा वाटा वेगळा काढावा लागेल, आणि असा हिशेब एखाद्या शाळेला किंवा शिक्षकाला दोषी ठरवण्यासाठी वापरायचा नाही हे आधीच ठरवावे लागेल. तसे झाले तर महाराष्ट्रातील या चर्चेला साओ पावलो किंवा इस्राएलच्या आकड्यांवर विसंबून राहावे लागणार नाही.